पान, फर्मा आणि अक्षर : ग्रंथाची लांबी मोजावी कशाने?

(शताब्दी वर्षानिमित्त वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही जुन्या वाचनालयाची दाखल नोंदवही उघडली, तर लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, प्रकाशनवर्ष आणि किंमत यांच्या पंक्तीत ‘पृष्ठे’ असा एक रकाना हमखास आढळतो. हा रकाना दिसायला साधा. परंतु त्याने पिढ्यान्‌पिढ्या तीन कामे मुकाट्याने केली आहेत. पुस्तक वाचावयास किती दिवस लागतील, याचा अंदाज त्याने वाचकास दिला. परत आलेल्या पुस्तकातील पाने शाबूत आहेत की नाहीत, हे त्याने ग्रंथपालास पाहू दिले. आणि एका ग्रंथातील विशिष्ट वाक्याकडे दुसऱ्या ग्रंथातून बोट दाखविण्याची सोय त्याने अभ्यासकास करून दिली. आज वाचक भ्रमणध्वनीवर किंवा वाचनपाटीवर ई-पुस्तक वाचू लागला आहे आणि या तिन्ही कामांचा आधार डळमळीत झाला आहे. ई-पुस्तकाच्या नोंदीत ‘पृष्ठे’ या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. वस्तुतः तो ग्रंथ म्हणजे काय, या प्रश्नापर्यंत जाऊन पोहोचतो.

अडचण कोठे येते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एकच कादंबरी शहापुरातील एक वाचक छापील प्रतीत वाचीत आहे आणि निपाणीतील दुसरा वाचक भ्रमणध्वनीवर. पहिल्याने दुसऱ्यास कळविले, ‘पृष्ठ ११२ वरील संवाद अवश्य पाहा.’ निपाणीकराच्या पडद्यावर ११२ वे पान असेलच असे नाही, आणि असले तरी तेथे तो संवाद असेलच असेही नाही. त्याने डोळ्यांच्या सोयीसाठी अक्षर मोठे केले, की पडद्यांची संख्या वाढते. फोन आडवा धरला, की पुन्हा बदलते. मजकुरातील एक अक्षरही बदललेले नसते, पण ‘पाने’ मात्र क्षणोक्षणी कमीजास्त होत राहतात.

शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत ज्यांनी हातमागाचा आवाज ऐकला आहे, त्यांना हा भेद समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. लुगड्याची लांबी विचारली असता विणकर ते किती घड्यांचे आहे, हे सांगत नाही; वार सांगतो. घडी लहान घातली तर घड्या अधिक होतात, मोठी घातली तर कमी; नऊवारी मात्र नऊवारीच राहते. मेट्रिक मापे देशात रूढ करणारा कायदा १९५६ साली झाला, दुकानातील गज जाऊन मीटरपट्टी आली, तरीही त्या वस्त्राचे नाव बदलले नाही. पान ही ग्रंथाची घडी होय. प्रश्न असा, की ग्रंथाचा वार कोणता?

छपाईच्या व्यवसायात पानाचे माप कागदाच्या तावावरून ठरत आले. साडेसतरा इंच रुंद आणि साडेबावीस इंच लांब असा डेमी ताव तीनदा दुमडला की आठ पत्रे, म्हणजे सोळा पृष्ठे होतात. हाच डेमी अष्टपत्री फर्मा. दहा फर्म्यांचे पुस्तक १६० पृष्ठांचे. पंधरा बाय वीस इंचांचा क्राऊन ताव घेतला तर त्याच सोळा पृष्ठांत मजकूर कमी मावतो. त्यातही खिळे बारा पॉइंटांचे की चौदा, दोन ओळींत अंतर किती, समास किती रुंद, प्रकरण नव्या पानावर सुरू करावयाचे की नाही, यांवर पृष्ठसंख्या अवलंबून. म्हणून अनुभवी मुद्रक हस्तलिखित हाती आल्यावर त्याची पाने मोजून थांबत नसे. तो दोन-चार ठिकाणच्या ओळी मोजी, ओळीतील अक्षरांची सरासरी काढी आणि मग अमुक खिळ्यांत, अमुक आकारात किती फर्मे होतील, हे सांगे. पानांचा अंदाज काढण्यासाठी त्यालाही अक्षरापर्यंत उतरावे लागे. तेव्हा छापील पुस्तकातही पान हे मूळ माप नव्हतेच. ते अक्षरसंख्येचे कागदावर उमटलेले फलित होते.

मुद्रणाच्या आधीच्या काळात ही गोष्ट अधिक स्पष्टपणे मान्य केलेली दिसते. सुट्या पत्रांच्या पोथ्यांत एका लेखकाची प्रत चाळीस पत्रांची, तर दुसऱ्याची साठ पत्रांची असावयाची. म्हणून लेखनाची लांबी पत्रांत न सांगता ‘ग्रंथ’ या मापात सांगत. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ, म्हणजे अनुष्टुभ् छंदातील एका श्लोकाएवढा मजकूर. मजकूर पद्यात असो वा गद्यात, त्यास हेच माप लावीत. पोथीच्या अखेरीस ‘ग्रंथाग्र’ म्हणून हा आकडा नोंदवीत आणि लेखनिकाचा मोबदलाही त्यावरून ठरे. बौद्ध परंपरेतील ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’ हा ग्रंथ गद्य आहे. तरी त्याच्या नावातील आठ हजार हा आकडा याच बत्तीस अक्षरी एककांचा. आठ हजारांस बत्तिसांनी गुणले, की दोन लक्ष छपन्न हजार अक्षरे होतात. ग्रंथाची लांबी त्याच्या नावातच गोवून ठेवणारी ही परंपरा पानांवर यत्किंचितही विसंबून नव्हती.

हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचींतही पत्रसंख्या, दर पृष्ठास ओळी आणि दर ओळीत अक्षरे अशी तीन अंगे देण्याची पद्धत आहे. त्यांवरून हिशेब सरळ होतो. पन्नास पत्रांची पोथी म्हणजे शंभर पृष्ठे. दर पृष्ठास दहा ओळी आणि दर ओळीत बत्तीस अक्षरे असतील, तर तो मजकूर सुमारे एक हजार ग्रंथांचा. ई-पुस्तकांची पाने ठरविणारी आजची यंत्रणा हेच गणित नव्या साधनांनी करीत असते.

ई-पुस्तकांचे प्रथम दोन वर्ग केले पाहिजेत. जुन्या ग्रंथाच्या पानांची छायाचित्रे घेऊन केलेली पीडीएफ प्रत हा पहिला वर्ग. तेथे छापील पान जसेच्या तसे असते. पृष्ठसंख्येचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरा वर्ग प्रवाही मजकुराचा. २००७ साली मान्य झालेले ‘ईपब’ हे प्रमाण आणि त्याच वर्षी बाजारात आलेले किंडल हे वाचनयंत्र यांनी हा वर्ग रूढ केला. पात्राप्रमाणे पाणी आकार घेते, तसा तेथे मजकूर पडद्याप्रमाणे आकार घेतो. ज्येष्ठ वाचकांना हवे तेवढे मोठे अक्षर करून वाचता येते, ते या गुणामुळेच. पान नाहीसे झाले ही तक्रार करताना या लाभाचा विसर पडता कामा नये.

या प्रवाही मजकुराला पाने कोठून आणावयाची? निरनिराळ्या यंत्रणांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. अडोबी कंपनीच्या वाचनप्रणालीने संकुचित केलेल्या मजकुराचे १,०२४ बाइट म्हणजे एक पान, असा ठोकताळा धरला. भारतीय संगणकतज्ज्ञ कोविद गोयल यांनी २००६ साली ज्या प्रणालीचा आरंभ केला, त्या ‘कॅलिबर’मध्ये एका पद्धतीने ओळीस सत्तर वर्ण आणि पानास बत्तीस ओळी धरतात, म्हणजे पानास २,२४० वर्ण. दुसऱ्या, जलद पद्धतीत खुणांचे साठ वर्ण मिळवून २,३०० चा आकडा घेतात. एका सर्वसाधारण इंग्रजी पुस्तकाच्या पानावरून हे प्रमाण बसविलेले आहे आणि ते केवळ अंदाजाकरिता आहे, असे तिच्या कर्त्यांनीच नमूद केले आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने खरी गोम येथेच आहे. इंग्रजी पानावरून बसविलेले हे माप देवनागरीस जसेच्या तसे लागू पडत नाही. १९९१ पासून प्रसिद्ध होत असलेल्या युनिकोड या संकेतप्रणालीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्ताची खूण यांस स्वतंत्र संकेतांक आहेत. डोळ्यांना ‘शहापूर’ या शब्दात चार अक्षरे दिसतात. संगणक सहा वर्ण मोजतो. ‘ग्रंथ’ या शब्दात अक्षरे दोन, वर्ण पाच. ‘स्वातंत्र्य’ या शब्दात अक्षरे तीन आणि वर्ण अकरा! ‘कमळ’ मात्र दोन्ही हिशेबांनी तीनच. प्रचलित साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास तीन बाइट लागतात, तर रोमन अक्षरास एक. त्यामुळे केवळ फाइलच्या आकारावरून पाने काढली, तर मराठी पुस्तक आहे त्याहून पुष्कळ मोठे भासते. आणि त्यात छायाचित्रे असतील, तर हिशेब सर्वस्वी कोलमडतो.

भगवद्गीतेवर हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. श्लोक सातशे, बहुतेक बत्तीस अक्षरी, काही त्रिष्टुभ् छंदातील चव्वेचाळीस अक्षरी. सर्व बत्तीस अक्षरी धरले तरी २२,४०० अक्षरे होतात. कॅलिबरच्या २,२४० ने भागले, की बरोबर दहा पाने! पण संगणक अक्षरे न मोजता वर्ण मोजतो, म्हणून त्याच्या लेखी ही संख्या दुपटीच्या आसपास जाईल. आणि प्रत्यक्ष छापताना श्लोकाचे चरण सुटे मांडले, की खिशात मावणारी गीतासुद्धा याच्या कितीतरी पट पाने घेते. ग्रंथ तोच; दहा पाने, वीस पाने आणि शंभराहून अधिक पाने, ही तिन्ही उत्तरे आपापल्या मापाने खरीच.

मराठीपुढे आणखी एक अडचण आहे. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणी निरनिराळ्या कंपन्यांच्या खासगी संकेतांवर चाले. त्यांपैकी अनेकांत ‘ग’, ‘ण’, ‘श’ यांसारखे अक्षर अर्धे रूप आणि काना अशा दोन तुकड्यांनी बनत असे. त्या काळच्या फाइली आज युनिकोडात आणल्या, की वर्णसंख्या बदलते. म्हणून जुन्या फाइलीतील वर्णांचा आकडा नव्या नोंदीत उतरवून घेणे धोक्याचे. त्यापेक्षा शब्दसंख्या अधिक भरवशाची. कारण शब्दांमधील मोकळी जागा दोन्ही संकेतांत बहुधा तीच राहते.

लांबीचे माप अक्षरांवर बसविले तरी काव्यासंबंधी ते तोकडेच पडते, हेही सांगितले पाहिजे. बेळगावच्या कवयित्री इंदिरा संत (१९१४–२०००) यांचे ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५), ‘मृगजळ’ (१९५७) हे संग्रह घेतले, तर कवितेभोवतीची मोकळी जागा हा वाचनाचाच भाग आहे, असे रसिक म्हणेल. त्यांची अक्षरे सलग मोजली तर संग्रह थोडक्या पानांत संपेल. कवितासंग्रहाच्या नोंदीत पानांपेक्षा आणि शब्दांपेक्षा कवितांची संख्या अधिक बोलकी ठरते.

पानाचा हिशेब हा आता पैशाचाही हिशेब झाला आहे. अॅमेझॉन कंपनीने २०१५ च्या जुलैपासून वर्गणी भरून वाचल्या जाणाऱ्या ई-पुस्तकांच्या लेखकांना, वाचकाने वाचलेल्या पानांच्या संख्येवरून मोबदला देण्यास आरंभ केला. वाचकागणिक पान बदलते म्हटल्यावर तसा हिशेब कसा करणार? तेव्हा ठरावीक अक्षरठसा आणि ठरावीक ओळींचे अंतर धरून एक ‘प्रमाणित पान’ कल्पावे लागले. ते कोणत्याही कागदावर छापलेले नाही आणि कोणत्याही वाचकाच्या पडद्यावर दिसेलच असेही नाही. लेखनिकाचा मोबदला ग्रंथाग्रावरून ठरविणाऱ्या जुन्या व्यवहाराशी याचे नाते उघड आहे. याच कंपनीने २०१६ च्या डिसेंबरात मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके किंडलवर आणली. त्यामुळे पान म्हणजे किती मजकूर, हा प्रश्न मराठी लेखक-प्रकाशकांच्याही दारापर्यंत आला आहे.

सामान्य वाचकास मात्र एवढ्या खोलात न शिरता अंदाज काढता येतो. छापील प्रत हाती असेल, तर मधली तीन-चार भरगच्च पाने निवडून ओळी आणि ओळीतील शब्द मोजावेत. समजा, पानास २८ ओळी आणि ओळीस १० शब्द, म्हणजे पानास २८० शब्द. पुस्तक २०० पृष्ठांचे. गुणाकार ५६,००० येतो. प्रकरणांच्या आरंभीची व अखेरची कोरी जागा म्हणून एक दशांश वजा केला, तर ५०,४०० शब्द उरतात. हेच पुस्तक ज्या पडद्यावर १२ ओळी आणि ओळीस ५ शब्द मावतात, तेथे ८४० पडदे घेईल. अक्षर मोठे करून ८ ओळी आणि ओळीस ४ शब्द ठेवले, तर १,५७५ पडदे होतील. मिनिटास दीडशे शब्द या गतीने वाचणाऱ्यास मात्र तिन्ही रूपांत सारखाच वेळ लागेल : सुमारे साडेपाच तास. ८४० चा आकडा पाहून धास्तावणाऱ्या आणि २०० चा आकडा पाहून निश्चिंत होणाऱ्या वाचकाने हे ध्यानात ठेवावे. वाचकाचा वेळ वाचवा, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एक होय. नोंदीत शब्दसंख्या देणे, हा त्याच सूत्राचा एक लहानसा उपयोग आहे.

वेळेचा अंदाज चुकला तर फार बिघडत नाही. संदर्भ हरवला तर मात्र पुष्कळ बिघडते. जुन्या वाचनालयांच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत गंभीर भाग तोच आहे. गेल्या दीडशे वर्षांतील मराठी टीका, चरित्रे, इतिहाससंशोधन आणि प्रबंध यांच्या तळटिपा ‘पृ. ४७’, ‘पृ. २१३’ अशा उल्लेखांनी भरलेल्या आहेत. ज्या आवृत्तीकडे त्या बोट दाखवितात, तिची अखेरची प्रत जीर्ण झाली आणि तिच्या जागी पृष्ठांच्या खुणा पुसलेला प्रवाही मजकूर आला, तर मजकूर वाचेल, पण त्याच्याकडे येणाऱ्या सर्व वाटा बंद होतील.

यावर उपाय आहे आणि त्याची उदाहरणेही आहेत. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संगणकीय कोशसंग्रहात उपलब्ध आहे. तेथे शब्द शोधून पाहता येतो, मजकूर पडद्याप्रमाणे वाहतो, आणि तरीही तो शब्द छापील कोशाच्या कोणत्या पानावर आहे, तो आकडा सोबत दिलेला असतो. ईपब प्रमाणातही छापील पृष्ठांची यादी आत गोवण्याची सोय आहे. जेथे मूळ पान संपते तेथे वाचनास अडथळा न आणणारी खूण ठेवता येते. किंडलनेही २०११ साली छापील आवृत्तीचे पृष्ठांक दाखविण्याची सोय आणली. सोय आहे, ती वापरण्याची शिस्त मात्र मजकूर तयार करणाऱ्याने पाळावयाची असते.

दुसरा उपाय मराठी संतसाहित्याने फार पूर्वी करून ठेवला आहे. दासबोधाचा संदर्भ कोणी पानाने देत नाही. वीस दशक, दोनशे समास आणि ७,७५१ ओव्या अशी त्याची रचना. दशक, समास आणि ओवी सांगितली, की पोथी असो, छापील प्रत असो वा फोन, वाचक नेमका तेथे पोहोचतो. ज्ञानेश्वरीत अध्याय आणि ओवी हेच काम करतात. तुकोबांच्या गाथेत मात्र आवृत्तीगणिक अभंगांचे क्रमांक बदलतात, म्हणून तेथे आवृत्तीचे नाव सांगावे लागते. ज्या रचनेत मोजण्याची खूण मजकुराच्या आतच असते, ती कागद बदलला तरी टिकते. आधुनिक गद्यानेही हा धडा घ्यावा. प्रकरणांना आणि उपप्रकरणांना क्रमांक दिले, वैचारिक ग्रंथांत परिच्छेदांना दिले, तर उद्याचा अभ्यासक दुवा देईल.

या सर्व विवेचनातून वाचनालयाच्या व्यवहारापुरते काही नियम सहज निघतात. छापील ग्रंथाची पृष्ठसंख्या पूर्वीप्रमाणेच लिहावी, पण तिच्यासोबत आकार आणि आवृत्ती अवश्य लिहावी. ई-पुस्तकाच्या नोंदीत पृष्ठांच्या जागी शब्दसंख्या आणि प्रकरणसंख्या द्यावी. मजकूर कोणत्या छापील आवृत्तीवरून घेतला, ते नमूद करावे. यंत्राने काढलेली पाने नोंदवायचीच असतील, तर त्यांपुढे ‘अंदाजे’ हा शब्द लिहिण्याचा कंटाळा करू नये. संग्रहातील दुर्मीळ ग्रंथ संगणकावर आणताना पानांची छायाचित्रे जपून ठेवावीत, आणि त्यांवरून प्रवाही मजकूर तयार केल्यास मूळ पृष्ठांच्या खुणा त्यात राहतील, असा आग्रह धरावा. चर्चामंडळात एकाच पुस्तकावर बोलणाऱ्या सभासदांनीही पानाऐवजी प्रकरण आणि परिच्छेद सांगण्याची सवय लावून घ्यावी. म्हणजे शहापूरची छापील प्रत आणि निपाणीचा फोन यांची गाठ पडेल.

वाचनालयाच्या पहिल्या शतकात दाखल नोंदवहीतील ‘पृष्ठे’ हा रकाना काळ्या शाईने, वळणदार अक्षरांत भरला गेला. दुसऱ्या शतकात त्याचे शीर्षक बदलावे लागेल, कदाचित त्याचे दोन-तीन रकाने करावे लागतील. ते काम आज नोंदी करणाऱ्यांच्याच हाती आहे, आणि ते करताना मूळ आवृत्तीचा पृष्ठांक पुसला जाणार नाही, एवढी दक्षता घेतली, तर आजवरच्या अभ्यासकांनी लिहिलेल्या तळटिपा पुढच्या वाचकाच्याही उपयोगी पडतील.